हरलेल्या मुलाने परत कुठे यावे?

व्लादिमिर नाबोकोव्हची ‘लूझिनचा बचाव’ ही कादंबरी १९३० साली बर्लिनमध्ये मूळ रशियनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बुद्धिबळाचा पट आणि जगणे यांतली सीमारेषा पुसली गेलेल्या लूझिन या खेळाडूची ती कथा आहे. वाङ्मयाचे अभ्यासक बहुधा लूझिनच्या मनोविकाराविषयी आणि कादंबरीच्या पटासारख्या रचनेविषयी बोलतात. या कादंबरीत वालेन्तिनोव्ह नावाचे एक दुय्यम पात्र आहे, त्याच्याकडे मात्र फारसे कुणी लक्ष देत नाही. लूझिन लहान असताना हा वालेन्तिनोव्ह त्याचा व्यवस्थापक होतो आणि बालप्रतिभा म्हणून त्याला गावोगावी फिरवतो. मुलगा मोठा होतो, त्याच्या वयाचे नवल उरत नाही, तसा वालेन्तिनोव्हचा रस आटतो आणि तो चित्रपटांच्या धंद्याकडे वळतो.

संघटित बुद्धिबळाचा इतिहास वाचू लागले की हा वालेन्तिनोव्ह पुन्हा पुन्हा आठवतो. जगातल्या बहुतेक बुद्धिबळ संघटनांची एक जुनी तक्रार आहे. दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत बसायला जागा पुरत नाही आणि सोळा वर्षांखालील गटात पट रिकामे राहतात. कारणे ठरलेली असतात: परीक्षा, खर्च, नवी आकर्षणे. ती खोटी नाहीत. पण ती सगळीकडे सारखीच असतात, आणि मुलांची गळती मात्र सगळीकडे सारखी झालेली नाही. काही शहरांत, काही खोल्यांत मुले वर्षानुवर्षे येत राहिली. पहिली आलेली जशी येत राहिली तशीच नववी आलेलीही. असे कुठे घडले आणि कशामुळे घडले, याचा शोध घेतला तर उत्तर बक्षिसांच्या रकमेत सापडत नाही. ते एका साध्या प्रश्नाशी येऊन थांबते. हरलेल्या मुलाला उद्या परत यावेसे वाटेल अशी जागा तिथे होती का?

या प्रश्नाचे सर्वांत तपशीलवार उत्तर लेनिनग्राडमध्ये मिळते.

*

रशियात बुद्धिबळाला राज्यसत्तेचा आश्रय मिळाला तो १९२४ पासून, निकोलाय क्रिलेंको यांच्यामुळे. हे गृहस्थ क्रांतीतले पुढारी आणि पुढे सरकारी अभियोक्ते. बुद्धिबळ हे जनतेच्या बौद्धिक शिक्षणाचे साधन आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२५ साली सरकारी खर्चाने मॉस्कोत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. त्याच दिवसांत जगज्जेता कापाब्लांका लेनिनग्राडमध्ये एका वेळी अनेक पटांवर प्रदर्शनी डाव खेळला आणि त्यांपैकी एका पटावर चौदा वर्षांच्या मुलाने त्याला हरवले. तो मुलगा मिखाइल बोत्विनिक. १९४८ साली तो जगज्जेता झाला. या साऱ्या व्यवस्थेचे शिल्पकार क्रिलेंको यांना मात्र १९३८ मध्ये स्तालिनच्या राजवटीने गोळी घातली. ज्या हाताने मुलांना पट दिला, तोच हात किती निर्दय होता, हे या इतिहासात कुठेही विसरून चालत नाही.

क्रिलेंको गेले, व्यवस्था राहिली. शाळकरी मुलांच्या ‘पायोनियर’ या सरकारी संघटनेसाठी शहरोशहरी ‘पायोनियर पॅलेस’ उभे राहत होते. लेनिनग्राडमध्ये नेव्हस्की या प्रमुख रस्त्यावर, फोंतांका नदीच्या काठी, आनिच्कोव्ह नावाचा राजघराण्याचा प्रासाद होता. १९३७ च्या फेब्रुवारीत तो मुलांसाठी खुला झाला. संगीत, नृत्य, वाङ्मय, यंत्रविद्या यांच्या वर्गांबरोबर तिथे बुद्धिबळाचाही वर्ग होता. फी नव्हती. शाळा सुटल्यावर यायचे, ठरलेल्या दिवशी ठरलेले शिक्षक भेटणार. बोत्विनिकसारखा नामांकित खेळाडूही तिथल्या मुलांना शिकवीत असे. त्या मुलांतला एक मार्क तैमानोव. तो त्याआधीच एका चित्रपटात बालव्हायोलिनवादकाच्या भूमिकेत चमकला होता; पुढे तो ग्रँडमास्टर झाला आणि मैफली करणारा पियानोवादकही.

चारच वर्षांनी युद्ध आले. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ या काळात लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा होता आणि भुकेने लाखो माणसे मेली. वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात त्या प्रासादात रुग्णालय होते. १९४२ च्या मे महिन्यात, शहर अजून वेढ्यात असताना, तो मुलांसाठी पुन्हा उघडला. या तारखेपाशी क्षणभर थांबावे असे वाटते. ज्या शहरात पावाचा तुकडा मोजून मिळत होता, तिथे कुणीतरी मुलांचे वर्ग पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला होता. त्यामागे प्रचाराचा भाग असेलच. पण मुलांपुरता त्याचा अर्थ एवढाच होता, की घराबाहेर जाण्यासारखी एक जागा अजून शिल्लक आहे.

व्हिक्टर कोर्चनॉय हा त्या वेढ्यात वाचलेला मुलगा. त्याचे वडील १९४१ मध्ये गेले, उपासमारीत घरची माणसे गेली, सावत्र आईने त्याला वाढवले. तो आनिच्कोव्ह प्रासादाच्या बुद्धिबळ वर्गात आला. १९४७ आणि १९४८ अशी लागोपाठ दोन वर्षे सोव्हिएत कुमार विजेतेपदावर त्याचे नाव लागले. दुसऱ्या खेपेला ते विभागून मिळाले. बोरिस स्पास्की त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. वेढ्याच्या काळात त्याला दूर किरोव्ह प्रांतातल्या अनाथालयात हलवले होते. स्थलांतराच्या त्याच दिवसांत त्याची पटाशी ओळख झाली. १९४६ च्या उन्हाळ्यात तो परत आला, तेव्हा आई एकटीच घर चालवत होती. शहरातल्या एका बेटावरच्या उद्यानात बुद्धिबळाचा मंडप होता. मुलगा तिथे दिवस दिवस, उपाशीपोटी बसून राही. शरद ऋतूत मंडप बंद झाला, तेव्हा तो पायोनियर पॅलेसच्या दारात आला आणि व्लादिमिर झाक यांच्या हाती पडला.

झाक हे काही विश्वविख्यात खेळाडू नव्हते. जन्म १९१३ चा, मृत्यू १९९४ चा. या दोहोंमधली कित्येक दशके त्यांनी त्याच प्रासादात मुलांना शिकवण्यात घालवली. स्पास्कीला त्यांनी डाव शिकवलाच, त्याच्या खाण्यापिण्याकडेही पाहिले. वयाच्या अकराव्या वर्षी त्या मुलाला सरकारी विद्यावेतन सुरू झाले आणि घर त्यावर सावरले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी स्पास्की आक्रमक शैलीच्या अलेक्सांद्र तोलुश यांच्याकडे शिकायला गेला. १९५५ मध्ये तो कुमार गटाचा जगज्जेता झाला, १९६९ मध्ये खराखुरा जगज्जेता. झाक मात्र त्याच खोलीत राहिले आणि पुढच्या मुलांना शिकवू लागले.

हे ‘राहणे’ मला निर्णायक वाटते. वालेन्तिनोव्ह मुलामागून जातो आणि मुलाचे नवल संपले की निघून जातो. झाक जागेवर असतात. मुले येतात, जातात, परत येतात. कोर्चनॉयचेच उदाहरण घ्या. शिक्षक आणि विद्यार्थी अशा दोघांच्या नावांनी ‘किंग्ज गॅम्बिट’ या सुरुवातीवरचे पुस्तक १९७४ मध्ये इंग्रजीत आले, तेव्हा विद्यार्थ्याचे वय त्रेचाळीस होते.

*

पण केवळ एका सज्जन शिक्षकाच्या बळावर व्यवस्था चालत नाही. लेनिनग्राडच्या त्या खोलीला आणखी दोन आधार होते आणि ते कुठल्याही संघटनेला उचलता येण्यासारखे आहेत.

पहिला आधार पायऱ्यांचा. सोव्हिएत खेळाडूंची श्रेणी ठरलेली असे: चौथी, तिसरी, दुसरी, पहिली, मग उमेदवार मास्टर, मग मास्टर. ठरावीक दर्जाच्या स्पर्धेत ठरावीक गुण मिळवले की वरची श्रेणी मिळे. चौथ्या श्रेणीतल्या मुलाला जगज्जेतेपद दिसत नसे. त्याला तिसरी श्रेणी दिसे, आणि ती येत्या हिवाळ्यात मिळण्याजोगी असे. एखादी स्पर्धा वाईट गेली म्हणून मिळालेली पायरी लगेच पायाखालून निघूनही जात नसे.

आजची गुणांकन पद्धत यापेक्षा वेगळ्या स्वभावाची आहे. आर्पाद एलो यांनी बसवलेले गणित अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारले. खेळाडूंचे सामर्थ्य मोजण्याचे साधन म्हणून ते उत्तमच आहे. त्याआधी इतके नेमके काही नव्हते. पण मोजमाप आणि उत्तेजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलो गुणांकन प्रत्येक हारीबरोबर खाली येते. बारा वर्षांच्या मुलाला तो आकडा म्हणजे स्वतःची किंमत वाटू लागली, की तो जपण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्याला लवकरच सापडतो. तो मार्ग म्हणजे न खेळणे. आईवडीलही नकळत त्याला त्याच वाटेने नेतात. अमुक स्पर्धेत कमी गुणांकनाची मुले आहेत, तिथे नको. तमुक स्पर्धा परीक्षेआधी आहे, आकडा घसरेल, तिथेही नको. पायरीवर बसून दम खाता येतो. आकड्यावर बसता येत नाही.

दुसरा आधार संघाचा. १९६९ पासून सोव्हिएत संघात शाळांच्या संघांसाठी ‘पांढरा हत्ती’ ही स्पर्धा सुरू झाली. सत्तरीच्या दशकात पायोनियर पॅलेसच्या संघांची आणखी एक विलक्षण स्पर्धा भरू लागली. प्रत्येक शहराच्या मुलांच्या संघाचा कर्णधार त्याच भागातून वर आलेला एखादा ग्रँडमास्टर असे. तो इतर शहरांच्या मुलांविरुद्ध एका वेळी अनेक पटांवर खेळे आणि त्याचे गुण व आपल्या मुलांचे गुण मिळून संघाची बेरीज होई. १९७५ साली लेनिनग्राडमध्ये या स्पर्धेत चेल्याबिन्स्कचा कर्णधार होता तत्कालीन जगज्जेता अनातोली कार्पोव्ह, आणि समोरच्या बाकू शहराच्या संघात होता बारा वर्षांचा गारी कास्पारोव्ह. कार्पोव्ह जिंकला. दहा वर्षांनी त्याच मुलाने त्याचे जगज्जेतेपद घेतले, म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मला त्या संघांतली उरलेली मुले अधिक मोलाची वाटतात. जगज्जेत्यासमोर कशीबशी बरोबरी साधून आपल्या शहराला अर्धा गुण मिळवून देणाऱ्या मुलाची आठवण आयुष्यभर पुरणारी असते, आणि त्यासाठी ग्रँडमास्टर व्हावे लागत नाही. बुद्धिबळ हा एकट्याचा खेळ. एकट्याने हरणे असह्य होण्याचे एक वय असते, आणि मुले खेळ सोडतात ती बहुधा त्याच वयात. त्या वयात हार वाटून घेणारे कुणी शेजारी बसलेले असणे महत्त्वाचे ठरते.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. तिबिलिसीच्या पायोनियर पॅलेसमध्ये वाख्तांग कारसेलाद्झे मुलींना शिकवीत. त्यांची शिष्या नोना गाप्रिंदाश्विली १९६२ मध्ये महिला जगज्जेती झाली. १९७८ मध्ये तिच्याकडून ते पद माया चिबुर्दानिद्झेने घेतले, तीही जॉर्जियाचीच. १९९१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, जागतिक महिला विजेतेपद एका लहानशा प्रजासत्ताकात राहिले. याचे कारण रक्तात शोधण्याची गरज नाही. धाकट्या मुलीला समोरच्या पटावर थोरली मुलगी बसलेली दिसत होती. ‘मुली इथे काय करतात’ हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारत नव्हते.

या सगळ्याची किंमतही लिहून ठेवली पाहिजे. ज्या राज्याने मुलांना वाढवले, ते त्यांना आपली मालमत्ता समजत होते. १९७१ मध्ये तैमानोव बॉबी फिशरकडून ६-० असा हरला. परतताना सीमेवरच्या झडतीत त्याच्या सामानात सोल्झेनित्सिनचे पुस्तक सापडले. त्याचा सन्मान काढून घेण्यात आला, परदेशी खेळणे बंद झाले. कोर्चनॉयने १९७६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आश्रय मागितला. मागे राहिलेल्या त्याच्या मुलाला तुरुंगवास भोगावा लागला. म्हणजे खोली आपली होती, पण खोलीचे दार कुणाच्या हातात आहे, हे त्या मुलांना मोठेपणी कळले. तरीही एक गोष्ट उरतेच. देश सुटला, कोर्चनॉयचा पट सुटला नाही. २०११ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तो स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय विजेता झाला. वेढ्यातल्या शहरात वाचलेला मुलगा सत्तर वर्षांनंतरही पटावर बसलेला होता.

*

यावर एक आक्षेप येईल: हे सारे सरकारी पैशाचे खेळ, लोकशाही देशात ते कसे जमणार? त्याचे उत्तर अमेरिकेतच आहे, आणि तेही फिशरच्या चरित्रात.

फिशर हा एकाकी प्रतिभेचा मूर्तिमंत नमुना मानला जातो. साहित्यातल्या लूझिनचा जणू खरा भाऊ. पण तो खेळात टिकला कसा, हे पाहिले तर दोन माणसे समोर येतात. १९५१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका प्रदर्शनी डावात हरलेल्या सात वर्षांच्या मुलाला तिथल्या क्लबचे अध्यक्ष कार्मिन निग्रो यांनी क्लबमध्ये बोलावले. पुढली पाच वर्षे हा मुलगा त्यांच्याकडे येत-जात होता. १९५६ च्या सुमारास निग्रो शहर सोडून गेले, तेव्हा मुलगा जॅक कॉलिन्स यांच्या घरी जाऊ लागला. कॉलिन्स चाकांच्या खुर्चीला खिळलेले; बहीण एथेल त्यांची देखभाल करी. त्यांचे घर हाच क्लब होता. तिथे पुस्तके होती, जेवण होते, आणि जिंकण्या-हरण्याच्या पलीकडे मुलाला घरात घेणारी दोन माणसे होती. बायर्न बंधू आणि विल्यम लोम्बार्डी हेही त्याच घरात वावरले. अमेरिकेत राज्याने प्रासाद दिला नाही, म्हणून दिवाणखान्याने प्रासादाचे काम केले.

मग आले १९७२. रेक्याविकमध्ये फिशरने स्पास्कीला हरवले. म्हणजे कॉलिन्स यांच्या घरातला मुलगा आणि झाक यांच्या वर्गातला मुलगा समोरासमोर आले. अमेरिकेत बुद्धिबळाची लाट उसळली. राष्ट्रीय संघटनेची सदस्यसंख्या थोड्या काळात दुपटीच्या आसपास गेली. पट विकले गेले, पुस्तके खपली, दूरचित्रवाणीवर डाव दाखवले गेले. १९७५ मध्ये फिशर न खेळताच पदावरून दूर झाला आणि लाट ओसरली. त्या वर्षांत आलेले पुष्कळ जण जसे आले तसे गेले. नायकाच्या गायब होण्यावर सारे खापर फोडले जाते, पण माझ्या मते ते अर्धेच उत्तर आहे. आलेल्या मुलांना बसवायला कॉलिन्स यांच्यासारखी घरे किती होती, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नायक मुलांना दारापर्यंत आणतो. आत त्यांची वाट पाहणारे कुणी असावे लागते.

*

त्याच १९७२ साली मद्रासमध्ये वेगळेच काही घडत होते. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल एरन यांनी तिथल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात एक क्लब सुरू केला आणि त्याला मिखाइल ताल यांचे नाव दिले. रशियातल्या पायोनियर पॅलेसची ही दूरची फांदी म्हणायला हरकत नाही. विश्वनाथन आनंद लहानपणी तिथे जाऊ लागला. तिथला जलद डावांचा शिरस्ता असा, की जिंकणारा पटावर बसून राही आणि हरणारा उठून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही. या शिरस्त्यातले शहाणपण सहज लक्षात येत नाही. हरलेला मुलगा घरी जात नाही, रांगेत जातो. आणि रांग सरकत असते. १९८८ मध्ये आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला.

महाराष्ट्रात प्रासाद नव्हते आणि परदेशी सांस्कृतिक केंद्राचा आधारही नव्हता. इथे घरे आणि माणसे होती. १९७४ मध्ये बंगळूरला पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे पहिले दशकभर ते विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्याच घरात राहिले. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या मुली. एका घरात तीन पट मांडले गेले की घराचाच क्लब होतो: धाकटीला थोरली दिसते, हरायला आणि रडायलाही घरचेच माणूस असते. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा हरकती निघाल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. महिलांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा शेवटी फिडेचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी दिला. मुलींना टिकवण्याच्या इतिहासात हा निर्वाळा एखाद्या विजेतेपदाहून मोठा आहे, कारण त्याने एका मुलीपुरते नव्हे, मागून येणाऱ्या सर्वांसाठी दार उघडे ठेवले.

सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आश्रयाने भाऊसाहेब पडसलगीकर दशकानुदशके मुलांना शिकवत राहिले आणि दर उन्हाळ्यात तिथे स्पर्धा भरत राहिल्या. सांगलीच्याच भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, यांनी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणि १९९१ मध्ये आशियाई विजेतेपद मिळवले. मुंबई-पुण्याचा झगमगाट नसलेल्या गावात हे का घडावे? झाक यांच्याविषयी जे म्हटले तेच इथे म्हणावे लागते: माणूस जागेवर होता. फरक एवढाच, की झाक यांना त्या कामाचा पगार होता. आपल्याकडे हे काम व्रत म्हणून झाले. व्रताविषयी आपल्याला आदर असतो, आणि त्या आदरातच एक सोयीस्कर विसर असतो. व्रत घेणारा थकला की जागा रिकामी होते. पगारावर नेमलेला शिक्षक गेला तर दुसरा नेमता येतो. भाऊसाहेबांसारख्यांचे सत्कार करणे सोपे आहे. त्यांच्यामागे त्या खुर्चीत दुसरे कुणी बसेल याची तरतूद करणे हा खरा सत्कार.

*

आज हा इतिहास आठवण्याचे कारण उघड आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता, महिला संघाचे कर्णधारपद पुण्याच्या अभिजित कुंटे यांच्याकडे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर ठरली. यशानंतर तिने आपले पहिले प्रशिक्षक, आज हयात नसलेले राहुल जोशी, यांची आठवण काढली. पहिल्या खोलीतला माणूस असा शेवटपर्यंत सोबत असतो. भारतात १९७२ आले आहे असे म्हणायला हरकत नाही. गावोगावच्या वर्गांतून सात-आठ वर्षांची मुले दाटीने बसली आहेत.

या मुलांपैकी बहुतेक जण ग्रँडमास्टर होणार नाहीत. ही निराशेची गोष्ट नव्हे, साधे गणित आहे. पण आपली बरीचशी रचना जणू सगळेच होणार आहेत अशा समजुतीवर उभी आहे, आणि ज्याचे होणार नाही असे दिसू लागते, त्याच्याविषयीचा तिचा रस वालेन्तिनोव्हसारखा आटतो. शिकवणी वर्गाच्या जाहिरातीत विजेत्यांची छायाचित्रे असतात. चार वर्षे नियमित आलेल्या, कधीच काही न जिंकलेल्या मुलाचे छायाचित्र कुठे असते? दहावीच्या वर्षी तो मुलगा येईनासा होतो, तेव्हा कारण म्हणून परीक्षा नोंदवली जाते. परीक्षा संपल्यावर तो परत का आला नाही, हे कुणी विचारत नाही.

लेनिनग्राडच्या त्या प्रासादातून बाहेर पडलेल्या मुलांत गेन्ना सोसोन्को हेही होते. १९७२ मध्ये ते देश सोडून हॉलंडला गेले, ग्रँडमास्टर झाले. पण वाचक त्यांना ओळखतात ते त्यांच्या व्यक्तिचित्रांमुळे. ताल, बोत्विनिक, आणि झाक यांच्यावरही त्यांनी लिहिले. त्यांनी तसे लिहिले नसते, तर झाक हे नाव आपल्यापर्यंत कितपत पोहोचले असते याची शंका वाटते. म्हणजे क्लबने खेळाडू घडवला तसाच स्वतःचा इतिहासकारही घडवला. सोळा वर्षांच्या मुलापुढे दोनच वाटा असतात असे आपण धरून चालतो: चढत राहा किंवा निघून जा. तिसरी वाट असू शकते. धाकट्यांना शिकवणे, स्पर्धेत पंचाचे काम पाहणे, मंडळाचे वार्तापत्र काढणे, जुन्या डावांची टिपणे जपणे. ज्या मंडळाला त्या मुलाची जिंकण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी गरज आहे, ते मंडळ त्याला सहसा गमावत नाही.

आणि जे खरोखरच निघून जातात, त्यांचे काय? लेनिनग्राडमध्ये जन्मलेल्या लारिसा व्होल्पर्ट यांचे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांनी कदाचित वेगळ्या संदर्भात ऐकले असेल. १९५४, १९५८ आणि १९५९ अशी तीन वेळा त्यांनी सोव्हिएत महिला विजेतेपद मिळवले. मग त्या स्पर्धांपासून दूर गेल्या, फ्रेंच आणि रशियन साहित्याच्या तौलनिक अभ्यासाकडे वळल्या, आणि युरी लोत्मान यांच्या तार्तू विद्यापीठात पूश्किनच्या अभ्यासक म्हणून नावारूपाला आल्या. १९७८ मध्ये, साहित्याचे अध्यापन करीत असताना, त्यांना महिला ग्रँडमास्टर हा किताब देण्यात आला. सदस्यसंख्येच्या वहीत अशा व्यक्तीची नोंद ‘गळती’ या सदराखाली होते. पण किताब देणाऱ्यांनी त्यांना परके मानले नाही, एवढे तरी त्यातून दिसते. मुले खेळ सोडून जाणारच. त्यांना जगायचे असते, शिकायचे असते, इतर गोष्टींवर प्रेम करायचे असते. बुद्धिबळ मंडळाच्या हातात इतकेच असते, की त्यांच्या नावाची खुर्ची काढून टाकू नये. आठ वर्षांच्या मुलांनी भरलेल्या आपल्या वर्गांतून आज अशा किती खुर्च्या राखल्या जात आहेत, यावर पंधरा वर्षांनंतरचे उत्तर अवलंबून राहील.